बंब येईपर्यंत

डोंबिवली एमआयडीसीतले अलीकडचे दोन मोठे स्फोट कधी झाले, आठवून पाहा. 26 मे 2016 ला प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये झालेल्या स्फोटात बारा जीव गेले आणि दोनशेहून जास्त माणसं जखमी झाली. 23 मे 2024 ला अमुदान केमिकल्समध्ये, दुपारी दीडच्या सुमाराला, पुन्हा दहाहून अधिक बळी गेले. दोन्ही दिवस गुरुवार होते आणि दोन्ही मे महिन्यातले, म्हणजे कॉलेजांचे वर्ग भरायचे दिवस नव्हते. हेच जुलैतल्या एखाद्या गुरुवारी घडलं असतं तर एमआयडीसीजवळच्या घरडा सर्कलच्या आसपास किती पोरं रस्त्यावर, कॅन्टीनमध्ये, काचेच्या खिडक्यांशेजारच्या बाकांवर असती याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. दोन्ही वेळा सुट्टी होती हा निव्वळ योगायोग. पुढच्या खेपेला तो असेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही.

डोंबिवली पश्चिमेच्या कोपरची मुलं शिकायला कुठे कुठे जातात? कुणी रेल्वे ओलांडून पूर्वेला पेंढरकर कॉलेजला, कुणी कल्याणला बिर्लात, कुणी ठाण्याला चेंदणी बंदर रोडवरच्या जोशी-बेडेकर किंवा बांदोडकरला, कुणी मुंबई विद्यापीठाच्या बाळकुमच्या उपकेंद्रात, आणि काही जण लोकलचे धक्के खात थेट कलिन्याला. त्यामुळे ‘कॅम्पसची सुरक्षा’ म्हणून कॉलेजच्या गेटपासून गेटपर्यंत विचार करणं आपल्याला पुरत नाही. सकाळी फलाटावर पाय ठेवल्यापासून संध्याकाळी क्लासचा जिना उतरेपर्यंतचा सगळा दिवस त्यात धरायला हवा.

दुसरी गोष्ट वेळेची. डोंबिवलीत पूर्व-पश्चिम जोडणारे उड्डाणपूल मोजके. कोपर पूल सप्टेंबर 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा पूल सुरू व्हायला सप्टेंबर 2021 उजाडला. मधली दोन वर्षं सगळा भार ठाकुर्लीच्या पुलावर, त्यात रुग्णवाहिका आणि अग्निशमनचे बंबही आलेच. आता पूल आहे, पण संध्याकाळी सहानंतर त्यावर गाडी घालून पाहा. मदत येते, माणसं जिवावर उदार होऊन येतात, तरी पहिली दहा-पंधरा मिनिटं जागेवर असलेल्यांनाच निभवावी लागतात. हा लेख त्या मिनिटांपुरता आहे.

स्फोट आणि वास

प्रोबेसच्या वेळी जखमींमध्ये मोठा भरणा होता तो काचांनी कापलेल्यांचा. कंपनीच्या आत नव्हे, आजूबाजूच्या इमारतींत, घरांत, दुकानांत बसलेली ही माणसं. म्हणून पहिला नियम काचेचा. एमआयडीसीच्या बाजूला मोठा धूर किंवा आगीचा लोळ दिसला तर खिडकीपाशी जायचं नाही. उजेड आधी दिसतो, आवाज आणि हवेचा दणका मागून येतो, किलोमीटरला साधारण तीन सेकंदांनी. ‘काय झालं बघू’ म्हणून उठून खिडकी गाठायला नेमका तेवढाच वेळ लागतो. बैरूतमध्ये 4 ऑगस्ट 2020 ला बंदरातल्या गोदामाला आधी आग लागली, लोक गॅलऱ्यांमध्ये जमून मोबाइलवर धूर टिपत राहिले आणि त्यानंतर मुख्य स्फोट झाला. त्या दिवसाची जगभर फिरलेली कितीतरी चित्रणं खिडकीतूनच घेतलेली आहेत.

तेव्हा धूर दिसला की खिडकीकडची भिंत सोडा, काचेकडे पाठ करा आणि वर्गातून आतल्या पॅसेजमध्ये या. तेवढाही अवधी नसेल तर बाकाखाली बसा आणि मान-डोकं दोन्ही हातांनी झाका. दणका बसून गेल्यावर पायांत चपला-बूट आहेत का बघा, कारण पुढची सगळी वाट काचांवरून असते. चौकटीत लोंबणाऱ्या काचांखालून जाऊ नका. आणि बघायला जाऊ नका. हे वेगळं सांगायची पाळी येते, कारण आग बघायला जाणं हा आपला आवडता छंद आहे. एका कंपनीतली आग शेजारच्या टाकीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही आणि बघ्यांच्या दुचाक्यांमुळे बंब अडतो तो निराळाच.

वायुगळतीचं प्रकरण जास्त नाजूक, कारण डोंबिवलीकराचं नाक मेलेलं असतं. जानेवारी 2014 मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला म्हणून मुख्यमंत्री येऊन गेले. अशा गावात रात्रीच्या उग्र वासाला कोण विचारतो? म्हणून वासावर विसंबू नका, शरीर काय सांगतंय ते बघा. एकाच वेळी पाच-सहा जणांचे डोळे चुरचुरायला लागले, घसा आवळला, खोकल्याची उबळ थांबेना, तर तो ‘नेहमीचा वास’ नाही.

अशा वेळी बहुतेकांची पहिली ऊर्मी पळण्याची असते. तुम्ही बंद इमारतीत असाल तर आतच थांबणं सहसा शहाणपणाचं. खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट पंखे बंद, दाराच्या फटीत ओला कपडा, आणि वरचा मजला. क्लोरीनसारखे कित्येक घातक वायू हवेपेक्षा जड असतात. ते जमिनीलगत पसरतात आणि तळघरात, नाल्यात, जिन्याखालच्या खोलीत साचतात. पार्किंगच्या तळघरात लपणं म्हणजे आपल्या पायांनी विहिरीत उतरणं.

उघड्यावर असाल तर वाऱ्याकडे बघा. कॉलेजवरचा झेंडा, चिमणीचा धूर, झाडांची पानं कुठे झुकतात? वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेने धावलात तर वायू तुमच्याबरोबर धावणार आणि त्याच्या उगमाकडे तर जायचंच नाही. वाऱ्याला आडवं चालायचं, म्हणजे वायूच्या पट्ट्यातून लवकर बाहेर पडता येतं. आपल्याकडे दिवसा साधारणपणे खाऱ्या वाऱ्यांचा जोर असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, त्यामुळे रुळांच्या पश्चिमेला असलेलं कोपर दिवसा बऱ्यापैकी सुटतं. रात्री आणि हिवाळ्यातल्या पहाटे हे उलटू शकतं. हा नुसता कल झाला, त्या क्षणी झेंडा सांगेल ते खरं. नाकातोंडावर ओला रुमाल धरल्याने थोडा दिलासा मिळतो, पण तो मास्क नव्हे. डोळ्यांत गेलं असेल तर लेन्स काढा आणि वाहत्या साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धूत राहा. ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजा, कारण दोन मिनिटांतच पुरे वाटायला लागतं.

इथे एक हक्काची गोष्ट. रासायनिक अपघातांसंबंधी 1996 चे केंद्रीय नियम आहेत. धोकादायक कारखान्यांच्या पट्ट्यात स्थानिक संकट गट असावा आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं हे त्याचं काम असावं, असं त्यांत लिहिलं आहे. प्राचार्यांनी उपविभागीय अधिकाऱ्यांना आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला एक पत्र लिहिलं की आमच्या परिसरात कोणती रसायनं आहेत, भोंगा वाजला तर काय समजायचं, येऊन मुलांना सांगा, तर ती कुणावर मेहेरबानी मागणं होत नाही.

जिना

आता इमारतीच्या आत. नॅकची समिती यायची असली की कॉलेजातले लाल सिलिंडर कसे चकाचक होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या वेळी नुसते पाहू नका, जवळ जा. वरच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा गोल दाबमापक असतो, त्याची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का? दांडीतल्या खिळीवर प्लॅस्टिकचं सील शाबूत आहे का? गळ्यातल्या चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीख कोणती आहे, की शाई उडून नुसताच कागद लटकतोय? नळी दाबून बघा, उंदरांनी कुरतडलेली नळी मी पाहिलेली आहे. वापरायची रीत सोपी आहे. खिळी ओढायची, नळीचं तोंड ज्वाळांकडे नाही तर आगीच्या बुडाशी धरायचं, दांडी दाबायची आणि केर काढताना झाडू फिरवतो तशी नळी डावीउजवीकडे फिरवायची. हाताने उचलण्याजोगा पावडरचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, त्यामुळे कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीपुरताच तो तुमचा. आग त्याहून मोठी असेल किंवा तुमची पाठ दाराकडे नसेल तर सिलिंडर टाकून बाहेर पडा. विजेच्या उपकरणाला आग लागली तर पाणी नाही. प्रयोगशाळेतला सोडियम पेटला तरी पाणी नाही, कोरडी वाळू. सरांनी पहिल्या प्रॅक्टिकलला हे सांगितलेलं असतं, पण तेव्हा आपण जर्नलच्या कव्हरची चिंता करत असतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात, बोलताना ‘फॉर्म बी’. विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधीने ऑगस्टमध्ये कार्यालयात जाऊन ‘मॅडम, जुलैचा फॉर्म बी बघायला मिळेल का?’ एवढं नम्रपणे विचारावं. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून जास्त कळतं.

मात्र मला कॉलेजपेक्षा जास्त घोर लागतो तो क्लासचा. कॉलेजला निदान पटांगण असतं, दोन जिने असतात, नियम विचारणारं कुणीतरी असतं. डोंबिवलीतला अकरावीपुढचा मुलगा दिवसातले चार-पाच तास काढतो ते एखाद्या व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर, प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये, किंवा रात्री अकरापर्यंत उघड्या अभ्यासिकेत. सुरतला 24 मे 2019 ला तक्षशिला इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये अडकून 22 विद्यार्थी गेले. खालून आग आली, जिना त्याच बाजूला, आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरला 27 जुलै 2024 ला तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडाले. दोन्हीकडे फी भरताना पालकांनी निकालाचे आकडे विचारले असतील, जिने किती ते बहुधा कुणी विचारलं नसेल.

तुम्ही विचारा. प्रवेश घ्यायला गेलात की लिफ्टने वर जा आणि जिन्याने उतरा. एकच जिना आहे का? त्याच्या तोंडाशी वीजमीटरची पेटी आणि चपलांचा ढीग आहे का? दुसरा जिना असेल तर त्याचं दार उघडतं का, की त्यात जुने बाक, फाटके फ्लेक्स आणि साखळीचं कुलूप आहे? खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या आहेत का? तळघरात अभ्यासिका असेल तर, वाचनाला कितीही शांत असली तरी, दुसरीकडे नाव घाला. आणि बसायची जागा धरताना दार नजरेसमोर राहील अशी धरा. धूर भरला तर वाकून, जमिनीलगत चालायचं, भिंतीला हात लावून. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या पालथ्या बाजूने चाचपायचं, गरम असेल तर उघडायचं नाही. लिफ्टला हात लावायचा नाही. कुणी व्हीलचेअरवर किंवा कुबडीवर असेल तर त्याला जिन्याने कोण उतरवणार याची दोन नावं सत्राच्या पहिल्या आठवड्यातच ठरवायला हवीत. आग लागल्यावर उचलायला सगळेच धावतात आणि जिना तुंबतो.

महोत्सवाच्या गर्दीबद्दल थोडक्यात. कोचीच्या कुसॅट विद्यापीठात 25 नोव्हेंबर 2023 ला संगीताच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली आणि चार जण गेले. पायऱ्यांचा उतार, एकच चिंचोळी वाट आणि आत घुसू पाहणारी गर्दी, एवढं पुरेसं ठरलं. फेस्टच्या संयोजकांनी सेलिब्रिटीच्या मानधनावर जितका काथ्याकूट केला तितका दुसऱ्या गेटच्या चावीवर करावा. गर्दीत सापडलात तर हात छातीपुढे आडवे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका आणि लोंढ्याशी न झगडता तिरकस सरकत कडेला या.

लोकल आणि पाऊस

9 जून 2025 ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली आणि त्यात जीव गेले. कोपरचा विद्यार्थी रोज याच वळणावरून जातो. ‘दारात लटकू नका’ हे सांगायला सोपं आहे, पण कोपरला आत शिरायलाच मिळत नाही हेही खरं. तरी हातात असलेलं एवढं करा: सॅक पाठीवर ठेवू नका, पोटाशी घ्या. पहिल्या लेक्चरच्या हजेरीसाठी लोंबकळण्यापेक्षा ती हजेरी जाऊ द्या, आणि प्राध्यापक मंडळींनीही मध्य रेल्वे कोलमडलेल्या दिवशी पहिल्या तासाचा हट्ट धरू नये. रेल्वेतल्या कोणत्याही अडचणीला 139.

पावसाचं गणित वेगळं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कित्येकांचा जीव घरी पोचायच्या घाईत गेला. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस. रेड अलर्ट असेल आणि त्यात दुपारची मोठी भरती असेल तर आपल्या खाडीकाठच्या पट्ट्यात पाणी उतरायला जागाच उरत नाही. अशा दिवशी सकाळी निघायचं की नाही याचा निर्णय घरीच घ्या. गेलातच आणि गाड्या बंद पडल्या तर कॉलेजातच मुक्काम करा. रुळांवरून चालत निघू नका, खांबांना टेकू नका, झाकण नसलेल्या मॅनहोलवरचं गढूळ पाणी इतर रस्त्यावरच्या पाण्यासारखंच दिसतं. कॉलेजांनी पावसाळ्यासाठी शंभर-दीडशे मुलांना एक रात्र पुरेल इतकं पाणी, बिस्किटं, चटया आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅड एका कपाटात ठेवावेत. कपाटाची चावी वॉचमनकाकांकडेही असावी, कारण रात्री तेच असतात.

फोन लागत नाहीत तेव्हा घरातले सगळे एकमेकांना फोन लावत बसतात आणि नेटवर्क आणखी तुंबतं. त्यापेक्षा गावचा एक माणूस ठरवा, चिपळूणचा मामा म्हणा किंवा जळगावची आत्या. शहरातल्या प्रत्येकाने त्यांनाच एक साधा एसएमएस करायचा: ‘सुखरूप, कॉलेजात आहे.’ बाकीच्यांनी त्यांना विचारायचं. सॅकमध्ये एक शिट्टी, छोटी बॅटरी, पाण्याची बाटली, चिक्कीची दोन पाकिटं, मोबाइलसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, रोजची औषधं असतील तर दोन दिवसांची, आणि ओळखपत्राच्या मागे रक्तगट व घरचे दोन नंबर, हाताने लिहिलेले. बॅटरी संपल्यावर आईचा नंबर तोंडपाठ नसलेली पिढी आहे ही.

तब्येत आणि मन

वर्गात कुणी कोसळला, हाका मारून उठत नाही आणि श्वासही नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात दाबायला लागा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने. फिट आलेल्याला कांदा, चप्पल, किल्ली काही नको. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, वेळ बघून ठेवा. एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने गेटवर जाऊन उभं राहायचं, तिसऱ्याने वाटेतल्या दुचाक्या हलवायच्या. ही तीन कामं नाव घेऊन वाटा. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. अपघातातल्या जखमीला ‘आधी पोलीस’ म्हणून दवाखान्याने ताटकळत ठेवता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं आहे. हे नाव दवाखान्याच्या खिडकीशी उच्चारलं तरी फरक पडतो. पोलीस, आग, काहीही असो, 112 चालतो, आणि फोन ठेवायची घाई आपण करायची नाही.

प्रत्येक संकटाला धूर आणि आवाज असतोच असं नाही. परीक्षेच्या आधी जेवण सोडलेला, ग्रुपमधून एकाएकी बाहेर पडलेला, वस्तू वाटून टाकणारा मित्र दिसला तर थेट विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि टेलि-मानसला, 14416 वर, त्याच्यासमोरच फोन लावा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिले आहेत. तुमच्या कॉलेजात तो कोण, कोणत्या खोलीत, कोणत्या वारी? रॅगिंगसाठी 1800-180-5522. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, शक्यतो तीन महिन्यांच्या आत आणि लेखी. समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ती फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावलेली असतील तर तिथपर्यंत जायचं धाडस ज्या मुलीला नाही तिला त्यांचा काय उपयोग?

आता कॉलेजांसाठी. मॉक ड्रिल वर्षातून एकदा, आधी जाहीर करून, उन्हात पटांगणावर फोटो काढून होतं. तसं एक करा, पण दुसरं एखाद्या पावसाळी मंगळवारी, मधल्या सुट्टीनंतर, न सांगता घ्या. भोंगा वाजल्यापासून शेवटचा मुलगा एकत्र जमायच्या जागी येईपर्यंत किती मिनिटं लागली ते एनएसएसच्या मुलांना मोजू द्या. कुठला जिना तुंबला, कुठल्या दाराची चावी सापडली नाही, ग्रंथालयात आणि मुलींच्या प्रसाधनगृहात भोंगा ऐकू आला का, कॅन्टीनवाल्या भाऊंनी गॅस बंद केला का, हजेरीपट कुणी बरोबर आणला, हे त्याच दिवशी एका कागदावर उतरवा. प्रत्येक त्रुटीसमोर ती कोण दुरुस्त करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून तो कागद नोटीस बोर्डावर लावा, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी, म्हणजे सगळे वाचतील.